तिग्रान नावाची माणसं

यादी एकपासून सुरू करावी, हे मी मुलांना शाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवते. मिस्त्रींच्या वहीतली यादी दोनपासून सुरू होत होती. त्यांच्या घरात मी भाडेकरू म्हणून राहायला आले, त्या महिन्यात ही चूक त्यांच्या लक्षात आणून दिली. ते म्हणाले, "पयला अजून आला नाय, बाई." मला वाटलं त्यांनी विनोद केला, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. उठून त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला.

वही निळ्या पुठ्ठ्याची होती. आत वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली, खाली त्यांच्या लिपीत चार-दोन ओळी. यादीतल्या सगळ्या माणसांचं नाव एकच होतं, तिग्रान. दोन नंबरला दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा. तीनला एक व्यापारी. त्यानं बांधलेलं चर्च उभं आहे आणि भोवतीचं शहर ओस पडलं आहे. चारला नाटकासाठी संगीत रचणारा एक जण. पाचला बुद्धिबळाचा जगज्जेता, जो तेव्हा हयात होता. पुढे कुणी डॉक्टर, कुणी वैमानिक, कुणी नुसताच बक्षीस मिळालेला शेतकरी. मिस्त्रींचं स्वतःचं नावही तिग्रानच. हे आर्मेनियन लोकांतलं नाव. आर्मेनिया मला शाळेच्या नकाशात भिंग लावून शोधावा लागला.

पण हे नाव रस्त्यात कुणी घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. भिवपुरीच्या वीजघरात तीसएक वर्षं ते फिटर होते. तिथं सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्त झाल्यावर कडावच्या रस्त्याला त्यांनी छोटं घर बांधलं, तिथंही ते मिस्त्रीच. दारावर पाटी नव्हती. बाजारातले लोक त्यांना इराणी समजत. ती समजूत त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. मराठी ते वीजघरातल्या बिगाऱ्यांकडून शिकले होते, त्यामुळे बोलत अस्सल खालच्या गावातलं. गोरा, नाकेला, भुवया पांढऱ्या झालेला माणूस "आमाला नाय चालत" म्हणाला की नवखा माणूस वळून बघे. कुणी वळून बघितलं की मिस्त्री दुसऱ्या गल्लीत शिरत.

त्या घराच्या पुढच्या दाराला खालून चार बोटांची फट होती. सुताराची चूक असेल म्हणून मी फळी मारून घेऊ या म्हटलं, तर त्यांनीच ती करवतीनं कापलेली निघाली. दार वाजलं की मिस्त्री आधी जमिनीवर ओणवे होत आणि फटीतून येणाऱ्याचे पाय बघत. "तोंड खोटं बोलतं, बाई. पाय नाय बोलत." चपला दिसल्या तर कडी काढत. अनवाणी पाय असले तर लगेच. बूट दिसले तर मागच्या दारानं बाहेर. एकदा माझ्या शाळेचे तपासनीस चहाला आले, चांगले पॉलिश केलेले बूट घालून. मिस्त्री दिवसभर शेतांच्या पलीकडे कुठंतरी बसून राहिले आणि तपासनीस गेल्याची खात्री झाल्यावर परतले. ते स्वतः मात्र झोपतानाही पायांत बूट ठेवत.

माझ्याबरोबर माझी आई राहायची. ती म्हणे, हा माणूस इतका भितो की चोर आला तर चोरच आधी घाबरेल. पण सहा महिन्यांत तीही मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालू लागली. भीती सर्दीसारखी असते, एका घरात राहिलं की होते. मिस्त्रींचं म्हणणं होतं की कुत्रा भुंकतो तोवर काळजी नाही. भुंकता भुंकता थांबला की उठायचं. ते ऐकल्यापासून कुत्रा थांबला की माझा वह्या तपासणारा हात थांबे. आधी मला असं काही नव्हतं. मी अंधाराला, सापाला, मुख्याध्यापकांना, कशालाही न भिणारी बाई होते.

मागच्या दाराशी एक गाठोडं असे. त्यात दोन भाकऱ्या वाळवलेल्या, मीठ, काडेपेटी, मोजे, सुई-दोरा, दोरखंड. दर महिन्याच्या एक तारखेला ते भाकऱ्या बदलत. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात घर सोडता आलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी आईकडूनही पाठ करून घेतला होता. पळताना काय घ्यायचं याची त्यांची यादी चांगली होती, पण मीही याद्या करणारी बाई. मी त्यात रेशनकार्ड घातलं. त्यांनी ते बोटानं झटकलं. "कागद नको. कागदावर नाव असतं."

संध्याकाळी ते बुद्धिबळाचा पट मांडत. पाच नंबरच्या तिग्रानचे डाव वर्तमानपत्रात छापून यायचे, ते एकेक चाल लावून पाहत. तो माणूस हल्ला करत नसे. समोरच्याच्या मनात काय येणार आहे ते आधी ओळखून ती वाटच बंद करी. मिस्त्रींना हे फार पटे. "पोरका होता. बारीक असताना रस्ते झाडायचा," ते सांगत. "ज्यानं पोरकेपन बगितलं, त्याला वाईट आधी दिसतं." दोन नंबरच्या राजाबद्दलही त्यांना लढायांचं कौतुक नव्हतं. रोमचं सैन्य आलं तेव्हा त्यानं डोक्यावरचा मुकुट स्वतःच्या हातानं काढून सेनापतीसमोर ठेवला. त्यानं तो परत दिला आणि राजा म्हातारा होऊन अंथरुणात मेला. अंथरुणात मेला, हे सांगताना मिस्त्रींचा आवाज उजळायचा. पाच नंबरचं जगज्जेतेपद गेलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "हरला त्याचं नाय. आता पेपरात नाव येनं कमी हुईल."

त्यांच्याकडे येणारा माणूस एकच, धोंडीराम. वीजघरात तो त्यांच्या हाताखाली लागला, तेव्हा सगळे त्याला धोंड्या म्हणत. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि त्या दिवसापासून पुरं घेतलं. तो स्टेशनच्या पलीकडे बौद्धवस्तीत राहायचा. दर रविवारी यायचा, दारासमोर चपला काढून अंगणातच उभा राहायचा आणि फटीकडे बघून म्हणायचा, "बगा, मीच हाय." आईला हसू आवरत नसे.

मग एकाहत्तरच्या शिरगणतीची तयारी आली.

हे काम शाळामास्तरांना लागतं. आधी घरांची यादी करायची, प्रत्येक दाराच्या चौकटीवर गेरूनं नंबर घालायचा आणि तक्त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचं. मला कडावच्या रस्त्याचा भाग मिळाला. कर्जतला तहसील कचेरीत आमचं शिक्षण झालं. कुणाच्या घरातली माहिती बाहेर सांगायची नाही हे तिथं बजावलं गेलं. मी गेरू कालवला, ब्रश घेतला, आणि काम सोयीचं व्हावं म्हणून स्वतः राहते त्या घरापासून सुरुवात केली. मिस्त्री बाजारात गेले होते. माझं अक्षर चांगलं आहे. मी दारावर ठळक, सुबक एक काढला आणि भोवती गोल केला. तेवढ्यात शाळेची वेळ झाली. बाकीची गल्ली उद्या, असं ठरवून मी डबा ओट्याखाली ठेवला.

माझी चूक एवढीच. पण त्या घराच्या बाबतीत याहून मोठी चूक करता आली नसती.

शाळेतून परतले तेव्हा मिस्त्री अंगणात उभे होते. हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे; पिशवीतली मेथी मलूल झाली होती.

"हे कोनी काडलं?"

मी सांगितलं. सरकारचं काम आहे, सगळ्या दारांवर असतं, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, फाटकाबाहेर गेले आणि गल्लीच्या टोकापर्यंत एकेक दार बघत चालत गेले. दारं कोरी होती. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

"पयलं आमचंच," ते म्हणाले.

उद्या बाकीची होतील, मी म्हणाले. दोनदा म्हणाले. ते ऐकत नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. जेवायला आले नाहीत. सकाळी आई चहा घेऊन गेली तर मागचं दार उघडं होतं. गाठोडं नव्हतं. बिजागऱ्यांना आईनंच तेल घातलेलं, त्यामुळे आवाजसुद्धा झाला नव्हता.

मी कागद घेतला आणि ते कुठं असू शकतील याची यादी केली. स्टेशन, बाजार, वीजघराची चाळ, पळसदरीचं धरण, शेतांपलीकडची झाडं. एकेक ठिकाण पाहून खोडत गेले. आई म्हणाली पोलिसांत कळव. पोलीस बूट घालतात, एवढंच मी म्हणाले. साठी उलटलेला माणूस, दोन वाळक्या भाकऱ्या, आणि भोवती सगळा डोंगर. धरणाच्या काठावर उभी राहून मी पाण्याकडे पाहिलं. मी काढलेल्या एका आकड्यानं माणूस मेला, असं वाक्य डोक्यात तयार झालं आणि दोन दिवस ते गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी धोंडीरामची पाळी सुटली तशी त्याला गाठलं. आधीच जायला हवं होतं. पण यादीत मी जागा लिहिल्या होत्या, माणसं लिहिली नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, डोंगरावरून वीजघरात पाण्याचे मोठे पाइप उतरतात, त्यांच्या कडेला जुनं पत्र्याचं शेड आहे, मिस्त्रींची जेवायची जागा. तिथून खालचा रस्ता दिसतो. "पर मी एकला जाऊन उपेग नाय. आकडा तुमी काडलाय."

चढ मोठा होता. शेड दिसायला लागल्यावर धोंडीराम थांबला आणि त्यानं चपला काढल्या.

"तुमीबी काढा, बाई. ते पाय बगतील."

खडे तापलेले होते. आम्ही अनवाणी गेलो आणि शेडच्या दारासमोर उभे राहिलो. पत्र्याच्या दाराखाली फट होती. पलीकडे काही हललं.

"मिस्त्री, मी हाय. बाई हाय. दोगंच. मागं कोनी नाय."

आतून आवाज आला. "बाईच्या टाचंला काय लागलंय?"

खरंच रक्त येत होतं. मला कळलंही नव्हतं. मी खाली बसले. दार उघडलं नाही, पण मिस्त्रीही आत दाराला टेकून बसल्याचं पत्र्याच्या आवाजावरून कळलं. मी माफी मागायला लागले. धोंडीरामनं हातानं थांबवलं.

"मिस्त्री, तुमी नाव लिवतील म्हनून पळाले. माज्या बापाचं नाव कुटं लिवलेलंच नाय. जल्मला कवा, मेला कवा, इचारा कोनाला बी. गावच्या कागदात नुसती जात. मागल्या शिरगनतीला गुरुजी माज्या दारात आले, तवा मी पुरं नाव लिवून घेतलं, धरम बौद्ध लिवून घेतला, आन दोनदा वाचून दाखवा म्हनलं. मग चहा पाजला."

"तुज्या दारातले चहा पिऊन गेले, धोंडीराम," आतून उत्तर आलं. "माज्या दारातले बापाला घिऊन गेले."

मग मिस्त्रींनी सांगितलं. मधे मधे थांबत, पत्र्याच्या आडून. ते सात वर्षांचे असताना, तुर्कांच्या राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली त्या साली, त्यांच्या गल्लीत एक दिवस कुणीतरी येऊन दारांवर खुणा करून गेलं. पहिली खूण त्यांच्या दारावर. बापाला वाटलं, सरकारचं काम असेल. दुसऱ्या दिवशी शिपाई आले, हातात यादी. आईनं धाकट्याला, म्हणजे यांना, भाकरीच्या भट्टीत, जमिनीतल्या खड्ड्यात उतरवलं आणि वर गोधडी टाकली. गोधडीच्या फटीतून त्याला फक्त पाय दिसत होते. बूट पुष्कळ. यादीतलं बापाचं नाव वाचलं गेलं. मग थोरल्या भावाचं. तो चौदा वर्षांचा होता. दोनदा वाचलं. भावानं आवाज दिला आणि तो चालत गेला. त्याचे पाय अनवाणी होते, बूट घालायला वेळ मिळाला नव्हता.

"भावाचं नाव तिग्रान," मिस्त्री म्हणाले.

धोंडीरामनं माझ्याकडे पाहिलं. तिग्रान तर मिस्त्री स्वतः होते.

उरलेल्यांना गावाबाहेर हाकललं, त्या वाटेत आई मेली. मुलगा एका अनाथाश्रमात पोचला, तिथून इराकातल्या बसऱ्याच्या छावणीत, तिथून बोटीनं कलकत्त्याला. अनाथाश्रमाच्या दारात एक बाई यादी घेऊन बसली होती. तिनं नाव विचारलं. त्यानं भावाचं सांगितलं.

"का?" मी विचारलं.

"त्याला हाक मारतील आन कोनी बोलनार नाय, आसं वाटलं. सात वर्सांचा होतो, बाई." आत पत्रा वाजला. "मोठा झाल्यावर उजेड पडला. तिग्रान जगला आसंल, तर तो मला शोदायला आला आसंल. एकेका आश्रमात गेला आसंल, माजं नाव इचारत. तितल्या बाईनं यादी वाचली आसंल आन सांगितलं आसंल, या नावाचा पोरगा नाय. म्हंजे मेला. मी आतमदी जेवत बसलो आसंन."

पाइपातून पाणी उतरतानाचा घुमणारा आवाज येत होता. वहीतली ती कात्रणं कशासाठी होती आणि पहिली ओळ कुणासाठी, हे मला त्या उन्हात कळलं. त्यांना मरणाची भीती होतीच. पण पन्नासहून जास्त वर्षं त्यांच्या छातीवर बसलेली भीती ही दुसरी होती. आणि तिच्यावर मला काही उपाय ठाऊक नव्हता. मी कामाची बाई आहे. माझ्या पिशवीत तक्ता होता, पेन होतं. मी ते बाहेर काढलं.

"तक्त्यावर कुनाचं नाव लिवनार, बाई?" त्यांनी विचारलं. त्यांना कागदाचा आवाज ऐकू आला असावा.

"घरात राहतो त्याचं," मी म्हणाले. "मला रकाना एकच आहे."

धोंडीराम उठला आणि लांब पाइपाजवळ पाठ करून उभा राहिला.

स्वतःचं खरं नाव मिस्त्रींना लगेच आठवलं नाही. पहिलं अक्षर आलं, मग थांबले, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी पुरं आलं. मी लिहिलं. मग ते म्हणाले, "धोंडीरामगत. दोनदा वाचा."

मी वाचलं. मी दुसऱ्यांदा वाचलं, जरा मोठ्यानं, वर्गात हजेरी घेते तसं.

"हाय," आतून आवाज आला. आणि कडी निघाली.

त्या संध्याकाळी आम्ही राहिलेली गल्ली पुरी केली. मी नंबर काढत होते आणि मिस्त्री गेरूचा डबा धरून मागे मागे येत होते. प्रत्येक दाराशी मी ब्रश उचलेपर्यंत ते थांबत, आकडा नीट बघत, मग पुढे. शेवटच्या दारावर नंबर पडला तेव्हा त्यांनी मागे वळून सगळ्या गल्लीवरून नजर फिरवली. गल्लीतली बायका-मुलं हसत होती, मिस्त्रींना सरकारी नोकरी लागली म्हणून. आईनं भाजीला फोडणी दिली होती. दोन-तीन दिवसांनी प्रथमच.

भीती गेली असं मात्र नाही. मिस्त्री पुढे आठ-नऊ वर्षं जगले, बूट घालूनच झोपले, एक तारखेला भाकऱ्या बदलत राहिले. कुत्रा थांबला की उठून बसत. त्यांना पुन्हा त्या नावानं मी कधी हाक मारली नाही आणि त्यांनीही मारू दिली नसती. पण दर महिन्याला ते परदेशात कुठं कुठं पत्रं घालू लागले. आश्रमांना, चर्चना, खाली आपलं खरं नाव लिहून. उत्तरं आली, सभ्य आणि कोरडी. तशी नोंद नाही. प्रत्येक उत्तर वाचून झालं की ते म्हणत, एक जागा खोडली. यादी कशी करायची हे मी त्यांना शिकवलं की त्यांनी मला, आता सांगता येणार नाही.

ते गेले ते अंथरुणात. त्या राजासारखे. धोंडीरामनं आणि मी त्यांच्या पायांतले बूट काढले. आत मोजे धुतलेले होते.

घर त्यांनी धोंडीरामच्या नावावर केलं, मी अजून तिथंच भाडेकरू आहे. आई आता थकली आहे. वही माझ्याकडे आहे आणि मी ती बंद केलेली नाही. पेपरात तिग्रान नावाचा कुणी आला की कापते, चिकटवते, नंबर घालते. एक नंबरची ओळ कोरी आहे. मला कोरा रकाना खपत नाही, पण हा मी तसाच ठेवला आहे. मिस्त्रींचं खरं नाव मी इथं लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. कामात कळलेलं बाहेर सांगायचं नाही असं शिकले, हे एक. दुसरं म्हणजे, ते नाव विचारायला एकाच माणसानं यायचं आहे. हिशेब केला तर तो आता नव्वदीला टेकला असेल. हिशेब मला करता येतो.

दाराखालची फट बुजवू या, पाऊस आत येतो, असं धोंडीरामचा मुलगा दर वर्षी म्हणतो. मी नको म्हणते. घरातल्यांसाठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक यादी लावली आहे. गॅस, कुलूप, औषधं, सगळं तिच्यात आहे. तिची सुरुवात एकपासून होते. एक: फटीतून अनवाणी पाय दिसले, तर काही न विचारता दार उघडायचं.